पुसता येणाऱ्या खुणा

"घ्या सर, आतून गंज नाई चढत," असं म्हणत आमचे जीवशास्त्राचे सर मधल्या सुट्टीत संत्रं सोलायचे आणि टेबलाभोवतीच्या प्रत्येकाच्या हातावर फोडी ठेवायचे. ज्याला नको असेल त्याच्याही. संत्र्यांचे दिवस संपले की पेरू, नाहीतर आवळे. आवळ्यानं माझे दात आंबायचे. "आंबू द्या. जनुकं खुश राह्यतीन," हे वर.

ब्रह्मपुरीच्या एका ज्युनिअर कॉलेजात आम्ही दोघं होतो, मी मराठीला. तुमच्याही पाहण्यात असा माणूस असेल, ज्याला आपला विषय वर्गात ठेवून घरी जाताच येत नाही. बाजारात ते पालकवालीला पालकातली जीवनसत्त्वं समजावून सांगत. ती ऐकून घ्यायची आणि विचारायची, "मास्तर, जुडी घ्याची हाये का नाई?"

त्यांचा सगळ्यात लाडका विषय एपिजेनेटिक्स. अभ्यासक्रमात तो धड नव्हताच. एकदा रिकाम्या तासाला मी त्यांच्या वर्गात मागे जाऊन बसलो. ते सांगत होते, "जनुकं जशीच्या तशी राह्यतेत. पन तंबाखू, धूर, उपासमार, सगळं त्याच्यावर खुना करून जाते. कोनतं जनुक चालू, कोनतं बंद, हे त्या खुना ठरवतेत. आन् पोरांनो, त्या पुसता येतेत!" मग क जीवनसत्त्व त्या कामात पेशीला कशी मदत करतं, ते फळ्यावर काढून दाखवलं. खडू ठेवताना म्हणाले, "हे काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींमंदी दिसलं. मानसानं गोळ्या खाल्ल्या तर तसंच होते का, ते अजून पक्कं नाई. पेपरात तसं लिहू नका."

हे शेवटचं सांगायला ते कधी विसरत नसत. वर्गात.

वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, आरमोरीकडच्या. लहानपणापासून भाताच्या रोवणीला जायच्या. दिवसभर चिखलात वाकून राहायचं तर गालात खर्रा लागायचा. तंबाखू-सुपारीचा तो घोटलेला चुरा भूकही मारतो. लग्नानंतरही तो सुटला नाही. सर स्वतः सुपारीचं खांडसुद्धा खात नसत. चिडायचे, पण बायकोवर कमी आणि कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर जास्त.

एका रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. वहिनी भाताचे अगदी लहान घास करून बोटानं आत सारत होत्या. मी पाहतोय हे त्यांच्या लक्षात आलं. "तिखट झोंबते भाऊजी," त्या म्हणाल्या, "आन् तोंडच उघडत नाई पुरं." हसल्या, तर नुसते ओठ हलले.

दातांच्या डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या. खर्रा बंद. अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या सुरू. आणि गालाच्या आत पांढरा डाग आहे, त्याचा तुकडा काढून नागपूरला तपासून घ्या, लवकर. वहिनींनी खर्रा त्याच दिवशी सोडला. गोळ्याही वेळेवर घेऊ लागल्या. तुकड्याला मात्र त्या भ्यायल्या. "कापलं का पसरते म्हनते जी," असं म्हणून त्यांनी सरांचा हातच धरला. दुसऱ्या कोणी हे म्हटलं असतं तर सरांनी त्याला तासभर समजावलं असतं. वहिनींना ते म्हणाले, "बरं. महिनाभर पाहू."

मग घरात दुसरं काही उरलंच नाही. आवळ्याचा रस, शेवग्याची पानं, गाजर, टमाटर, आणि त्या गोळ्या. दर रविवारी सर त्यांना अंगणात उजेडाला बसवत आणि दातांच्या मध्ये बोटं उभी धरून माप घेत. "पाह्यलं सर? जास्त उघडून राह्यलं." मला फरक दिसत नव्हता.

"तो तुकडा कधी तपासता?" मी विचारलं.

"जळजळ कमी झाली. डाग म्हंजे तरी काय, खुनाच ना? त्या उलटतेत."

"तुम्ही वर्गात आणखीही काही सांगता, सर."

ते गाजर किसत राहिले.

महिन्याचे किती महिने झाले, मी मोजले नाहीत. गालाबाहेर गाठ दिसू लागली तेव्हा ते नागपूरला गेले. मी सोबत होतो. मोठ्या डॉक्टरांनी वहिनींना बाहेर बसवलं. सरांनी गोळ्यांची पाकिटं टेबलावर मांडली आणि विचारलं, "यानं काही वाईट झालं का?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "गोळ्यांनी काही वाईट केलं नाही. वेळ गेला."

सरांनी पाकिटं एकेक करून परत पिशवीत भरली. बाहेर येऊन वहिनींना म्हणाले, "होते म्हनतेत बरं." वहिनींनी मान डोलावली. त्यांना सरांचं सगळंच पटायचं.

शेवटच्या दिवसांत नाकातल्या नळीनं दूध आणि पेज चालू होती. बोलणं थांबलं होतं. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी खिडकीकडे हात केला. मला वाटलं, उजेड हवा. तिथं गोळ्यांचं पाकीट होतं.

"देतो ना, देतो," सर म्हणाले. त्यांनी कॅप्सूल फोडली, भुकटी पाण्यात ढवळली आणि नळीतून हळूहळू सोडली. वहिनींनी समाधानानं डोळे मिटले. सर माझ्याकडे न बघता वाटी धुवायला आत गेले, ते बराच वेळ आले नाहीत.

वहिनी गेल्यावर पंधरवड्यानं ते कॉलेजात आले. तास घेत होते, पण पुस्तकातलं वाचून दाखवत. एका मुलीनं त्या खुणांबद्दल विचारलं, तर म्हणाले, "ते परीक्षेत नाई." वर्ष संपताच त्यांनी नोकरी सोडली. जिवतीकडे भावाची कोरडवाहू शेती होती, तिथं राहणार होते.

मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेलो. सामान थोडंच होतं. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "तिकडं डोंगरात शाळांना मास्तर मिळत नाहीत. अधूनमधून शिकवा, सर. तेवढंच मन रमेल."

ते पायरीवर चढले होते. दांडा धरून थांबले.

"नाई सर," ते म्हणाले. "पोरं विश्वास ठेवतेत."

मागून लोक चढत होते. ते आत गेले, आणि कोणत्या बाजूला बसले ते मला गर्दीत दिसलं नाही.