रिकामा पदर

वडील गेल्यावर भावाने हक्कसोडपत्र पुढे केलं. आमच्यात बहिणी त्यावर न वाचता सही करतात आणि एक साडी घेऊन गप सासरी जातात. मी सही केली नाही. कॅम्प पाचमधल्या वडिलांच्या त्या घरात कायद्याने माझाही वाटा आहे आणि तो मला हवा होता.

यंदा गौरीला गेले. निघताना नेहमीसारखी पाटावर बसले, पदर पसरला. वहिनी हात पुसत आली.

"ताई, ओटी माहेरवाशिणीची भरतात. तुम्ही आता मालकीण."

भाऊ टीव्ही बघत होता. तो जन्मापासूनच मालक. त्यासाठी त्याला कधी काही सोडावं लागलं नाही.

सासरी अंबरनाथला जाणाऱ्या रिक्षात बसले, तरी पदर मी तसाच पसरून धरला होता.