प्रमिलाची चिमूट

सूर्यकांतची बिअर बादलीत झकास आंबली होती आणि हा शहाणा साखरेच्या डब्यापुढे कपाळाला हात लावून बसला होता. आखाती देशातल्या फुजैराच्या बंदरात जहाजांचं तेल दशांशापर्यंत मोजणारा माणूस, पण एका बाटलीत साखर किती घालायची ते काही त्याला ठाऊक नव्हतं.

ठाऊक असणार कसं? माल्ट उकळायचं, यीस्ट टाकायचं, ते याचं काम. बाटल्या भरताना प्रत्येकीत थोडी साखर टाकून बूच बसवायचं, ते त्याच्या बायकोचं, प्रमिलाचं. बंद बाटलीत ती साखर आंबते, तिचाच फेस होतो. कमी पडली तर बिअर मिळमिळीत, जास्त झाली तर बाटलीच फुटते. "असली कामं बरी सुचतात तुम्हाला," म्हणत ती नाक मुरडायची आणि शुक्रवारच्या सुट्टीआधी, गुरुवारी संध्याकाळी, अर्धा ग्लास हक्काने मागून घ्यायची. लेक शुभ्रा लांबूनच ओरडायची, "ई बाबा, सो ग्रोस!"

मग मंदी आली. पगार कापला, शाळेची फी झेपेना. दोन हजार नऊच्या मार्चमध्ये मायलेकी पुण्याला गेल्या. सहा महिन्यांसाठी म्हणून गेल्या, त्याला आता वर्ष उलटलं. घर खायला उठायचं हो अगदी. ऑफिसातून आला की तो आधी टीव्ही लावायचा, कोणीतरी बोलतंय असं वाटावं म्हणून. मेच्या सुट्टीत दोघी येतील आणि येतील त्या राहतीलच, हे त्याने आपलं आपणच ठरवून टाकलं होतं. त्यासाठीच हा सगळा खटाटोप.

शेवटी त्याने पुण्याला फोन लावला.

"एका बाटलीला साखर किती गं?"

"कसली बाटली?" मग तिला उमगलं. "अगं बाई! एकटे असताना हे उद्योग? तिथे घरी दारू करताना कोणी पकडलं म्हणजे खलास!"

"किती ते सांग ना. अर्धा चमचा?"

"अहो, मी कुठे मोजायचे? चिमूटभर टाकायचे. पण माझी चिमूट. तुमची मोठी होईल." ती हसली. "बाटल्या किती आहेत?"

"चोवीस."

"बाप रे! पिणार कोण?"

"तुम्ही याल ना मेमध्ये."



"अहो, मी सांगणारच होते. शाळेतली माझी नोकरी पर्मनंट झालीय. शुभ्राचे दहावीचे क्लास मेपासूनच आहेत. नाही जमणार आम्हाला."

"बरं, मग दिवाळीत. इन्शाल्ला."

"दिवाळीत चार दिवस येऊ हो. पण राहायला नाही. तिचं सगळं आता इथेच लागलंय. आणि माझंही."

बोलायला काहीतरी हवं म्हणून त्याने विचारलं, "मग साखरेचं काय करू?"

"कमीच घाला," प्रमिला म्हणाली. "खूप दिवस ठेवायच्या आहेत ना, फुटतील."