आबांचा चेहरा मी खरवडला

"हे हात मुलीचे नाहीत."

टेबलामागे तिघे बसले होते. मधल्या गृहस्थांनी माझं चित्र भिंतीला टेकवून ठेवलं होतं आणि ते शेजारच्या दोघांशी इंग्रजीत बोलत होते. मी समोर उभी. मला खुर्ची दिली नव्हती.

"हात मास्तरांनी रंगवलेत," ते पुढे म्हणाले. "असा हात उतरायला वीस वर्षं घासावी लागतात. चेहरा मात्र मुलीचा. कॅलेंडरवरच्या देवासारखा गोड."

मग डावीकडच्याने मला मराठीत विचारलं. सावकाश, मोठ्याने, जणू मी बहिरी.

"वडील काय करतात?"

"घरांना चुना देतात."

तो शेजारच्यांकडे वळून इंग्रजीत म्हणाला, "मग हिला वर्गात कशाला घ्यायचं? वसतिगृहाच्या भिंती कधीच्या खोळंबल्यात."

तिघे हसले. मधले जरा कमी हसले.

मला शब्द न् शब्द समजला. मॅट्रिकला इंग्रजीत मी शाळेत पहिली आले होते. चुना देणाऱ्याच्या मुलीला इंग्रजी येत असेल, ही शंकाही त्यांना आली नाही.

आणि खरं तर सगळं उलटं होतं. हात मी रंगवले होते. चेहरा मास्तरांनी. ज्या हातांचं कौतुक चाललं होतं, ते माझ्या आबांचे हात दाराबाहेर बाकावर होते, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी बांधलेलं फडकं धरून. उठून दार उघडलं असतं तर दिसले असते.

माझ्या गुरूंनी माझं चित्र बिघडवलं, हे परक्या माणसांपुढे कसं बोलायचं? मी "थँक यू" म्हणाले आणि बाहेर आले.

ईशा, तू घरच्या ग्रुपवर कळवलंस की चित्रकलेच्या पुढच्या शिक्षणासाठी पाच ठिकाणी अर्ज केलेत, दोन ठिकाणांहून नकार आलाय आणि रोज सकाळी तू पत्रपेटी दोनदोनदा उघडून पाहतेस. शेवटी लिहिलंस, "आजी, तुला हे नाही कळायचं." तन्मय, त्याखाली तू हसरा चेहरा टाकलास. तुम्हा दोघा नातवंडांना मी इंग्रजीच्या बाई म्हणून माहीत आहे. त्याआधी मी कोण होते, ते मी कधी सांगितलं नाही. आता क्रमाने सांगते. मला क्रम लागतो.

आम्ही जळगावचे. एकोणीसशे साठचं दशक संपत आलं होतं. धुळ्याला आत्याकडे राहून मी चित्रकलेची पाच वर्षांची पदविका केली. तिथे आमच्या सरांची एक पद्धत होती. सकाळी ते ओला ब्रश घेऊन वर्गात फिरत. ज्याच्या चित्रापाशी थांबत, तो उठून बाजूला होई. सर त्याच्या जागी बसत आणि त्याच्या चित्रावर स्वतः रंग चढवत. याला आम्ही "सरांचा हात फिरला" म्हणायचो. ज्याच्यावर फिरला तो दिवसभर मिरवायचा. ज्याच्यावर नाही, तो रडायचा. मीही रडले आहे. हात फिरलेलं चित्र परीक्षेत वर जाई, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यात गैर काही आहे असं एकालाही वाटत नव्हतं.

शेवटच्या वर्षी मी आबांचं चित्र केलं. माझ्या वडिलांचं. हार्डबोर्डवर, तैलरंगात. ड्रममध्ये चुना विझवताना. चुन्याने खाल्लेली बोटं, फुटलेली नखं, भेगांत बसलेला पांढरा चुना. नुसत्या हातांना मला अकरा दिवस लागले. चेहरा मी त्यांचा होता तसा केला होता. काळा, रापलेला, डोळे चुन्याच्या वाफेने बारीक झालेले.

सर आले. थांबले. मी बाजूला झाले.

"चेहरा फार काळवंडलाय ग," ते म्हणाले. "बापाला जरा माणसांत आण."

वर्ग हसला. सर बसले. वीस मिनिटांत आबा गव्हाळ झाले, नाक सरळ झालं, गालावरचे खुंट गेले, डोळ्यांत चमक आली. मी वाकून सरांच्या पाया पडले. मनापासून पडले. या सगळ्या हकिकतीत मला सर्वांत जास्त लाज वाटते ती या नमस्काराची.

पुढच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी मी त्या मोठ्या शहरातल्या संस्थेत अर्ज केला. मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा आबांनी आख्ख्या गल्लीत गूळ वाटला. मुलाखतीत काय झालं ते वर सांगितलं. तरी परत आल्यावर मी पोस्टमनची वाट पाहिली. तो गल्लीच्या तोंडाशी दिसला की मी घरात जायची, आपण वाट पाहतोय हे त्याला कळू नये म्हणून. शेवटी पाकीट आलं. छापील एक ओळ, तिच्यात माझं नाव शाईने भरलेलं. नकार.

मग आबांनी ते चित्र अंगणात उन्हाला धरलं. तोवर त्यांनी ते पाहिलं नव्हतं. प्रवासभर ते धोतराच्या पानात गुंडाळलेलं होतं.

"हात मना शेतस," ते म्हणाले. मग चेहऱ्यावर बोट ठेवलं. "तोंड कोनं शे?"

"तुमचंच, आबा."

"मना नही, बेटा. हाऊ तं कोनी शेठ शे."

आणि ते हसले. त्यांना खरंच गंमत वाटली होती. मला हसता येईना. बापाला माणसांत आणायचं म्हणून मी बापालाच काढून टाकू दिलं होतं, आणि वर नमस्कार केला होता.

मी चित्र घेऊन धुळ्याला गेले आणि सरांना सगळं सांगितलं.

"हातांचं कौतुक केलं म्हणतेस?" सर खुलले.

"ते हात मी रंगवले होते, सर."

"अग, पण पाच वर्षं तुझा हात धरला कोणी?"

चित्र त्यांनी ठेवून घेतलं. चांगलं काम संस्थेत राहतं, म्हणाले. पंधरा दिवसांनी दाखला आणायला गेले तर ते सभागृहात लागलेलं. खाली पट्टी. पट्टीवर सरांचं नाव, आणि त्याखाली बारीक अक्षरात "विद्यार्थिनीसह". सर पहिल्या वर्षाच्या मुलांना त्याच्यासमोर उभं करून शिकवत होते.

"हे पाहा. हात असे रंगवतात."

मी दारात उभी राहून ऐकलं. सरांनी मला पाहिलंही. थांबले नाहीत.

ते वर्ष मी जळगावला काढलं. श्रावणात कानबाईच्या सणाला घरोघर देवी बसायच्या आधी घरोघरी चुना द्यायची घाई असते. तेव्हा मी आबांच्या हाताखाली कामाला जायची. आबा आधी लोखंडी पत्र्याने भिंतीवरचा जुना थर खरवडून काढत. तो राहिला तर वर कितीही चुना द्या, पोपडे सुटतात. दिवसभर मी भिंती खरवडल्या आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट पक्की होत गेली.

पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज भरला. मुलाखतीचं बोलावणं आलं. मी आबांचा पत्रा पिशवीत घातला आणि धुळ्याची एसटी धरली. रागाच्या भरात झालं, असं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. पत्रा मी घरूनच नेला होता.

सभागृहातून चित्र उतरवलं आणि सरांच्या खोलीत नेऊन त्यांच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून ठेवलं. सर चष्म्यावरून पाहत होते. पत्रा पहिल्यांदा फिरला तेव्हा त्यांना कळलं.

"वेडी झालीस का? संस्थेची मालमत्ता आहे ती."

मी खरवडत राहिले. नाक गेलं, गाल गेले, डोळ्यांतली चमक गेली. रंगाच्या सालींचा ढीग झाला. खाली बोर्ड उघडा पडला. कपाळावर माझ्या जुन्या तपकिरी थराचा अंगठ्याएवढा तुकडा उरला होता, तो ठेवला. हातांना धक्का लावला नाही. मग साली वर्तमानपत्रात गोळा करून पुडी बांधली आणि सरांपुढे सरकवली.

"हे तुमचं, सर. बाकीचं माझं."

चित्र उचलून मी निघाले. पाया पडले नाही.

मुलाखतीला तेच तिघे होते. मधल्या गृहस्थांनी चित्र बराच वेळ पाहिलं.

"चेहरा कुठे गेला?"

मी इंग्रजीत उत्तर दिलं. "तो माझा नव्हता. गेल्या वर्षी तुम्ही म्हणालात, हात मास्तरांचे, चेहरा मुलीचा. उलटं होतं. वसतिगृहाच्या भिंतींचं बोललात, तेही मला समजलं होतं."

डावीकडचा कागद चाळू लागला. मधल्यांनी कोरा कागद आणि कोळशाची कांडी माझ्याकडे सरकवली आणि आपला उजवा हात टेबलावर पालथा ठेवला.

"काढ."

मी काढला. मऊ हात होता, फुगलेल्या शिरांचा, बोटात घट्ट झालेली अंगठी. त्यांनी कागद उचलून पाहिला. स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

"जागा तुझी," ते मराठीत म्हणाले. "फक्त तुझ्या मार्गदर्शकांचं प्रमाणपत्र या वेळी जोडलेलं नाही. काम तुझंच आहे असं त्यांनी लिहून द्यावं लागतं. पंधरा दिवसांत पाठव. नियम आहे."

गेल्या वर्षीबद्दल एक अक्षर नाही. तरी मी आनंदाने वेडी झाले, ईशा. परतीच्या गाडीत, सोबत आलेल्या आबांना मी तीनतीनदा तेच सांगत होते आणि ते प्रत्येक वेळी नव्याने ऐकत होते. जागा माझी होती. पाच दिवस ती माझी होती.

सहाव्या दिवशी मी सरांसमोर उभी होते. ते माझी वाटच पाहत होते. प्रमाणपत्र टंकून तयार होतं. "सदर चित्र माझ्या मार्गदर्शनाखाली व माझ्या प्रत्यक्ष साहाय्याने पूर्ण झाले." त्याखाली दुसरा परिच्छेद, माझ्या सहीसाठी. "चित्रातील हात गुरुजनांच्या हातचे असून मी अविवेकाने संस्थेच्या चित्राची नासधूस केली, याबद्दल क्षमा मागते."

"तुझी सही कर, खाली माझी होते," सर म्हणाले. आवाज गोड होता. "मी मनात काही ठेवलेलं नाही. जागा मिळतेय तर घे. तुमच्यातल्या किती पोरींना मिळते?"

मी पेनाचं टोपण काढलं. हे लपवत नाही. एक सही. दोन वर्षं, मोठं शहर, उत्तरेच्या उजेडाची खोली, माझा स्वतःचा घोडा चित्र टेकवायला. सगळं त्या सहीच्या पलीकडे उभं होतं. मी ती ओळ पुन्हा वाचली. हात गुरुजनांच्या हातचे.

"ते हात माझ्या बापाचे आहेत आणि मी काढलेत," मी म्हणाले. "हे मी लिहिणार नाही."

"मग बस चुना देत."

"देईन. पण लिहिणार नाही."

जळगावला उतरले तेव्हा आबा स्टँडवर आले होते.

"चिठ्ठी दिन्ही का सरनी?"

"नाही, आबा."

त्यांनी पिशवी माझ्याकडून घेतली आणि पुढे चालू लागले.

मी त्या संस्थेला पत्र लिहिलं, इंग्रजीत, एक पान. मार्गदर्शक खोटं लिहून घेतल्याशिवाय प्रमाणपत्र देत नाहीत. तुम्ही मला डोळ्यांदेखत हात काढताना पाहिलं आहे. तेच प्रमाणपत्र धरा. उत्तर आठ दिवसांत आलं. नियमात बसत नाही. जागा दुसऱ्या उमेदवाराला देण्यात आली आहे. खाली मधल्या गृहस्थांची सही. मी काढला होता तोच हात.

सरांवर माझा राग आहेच. पण त्या गृहस्थांना मी त्यांच्याहून कमी दोषी धरत नाही. सर खोटं बोलत होते. यांना खरं माहीत होतं. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा यांना कागद मोठा वाटला, कारण कागदावर त्यांच्यासारख्याच माणसाची सही असणार होती.

पुढे मी इंग्रजी घेऊन बी.ए. केलं, शाळेत लागले. रंग पुन्हा हातात धरला नाही. लोक म्हणतात, जे होतं ते बऱ्यासाठी होतं. बऱ्यासाठी झालं नाही. माझ्यातली चित्रकार त्यांनी मारली आणि तिच्या मरणावर शिक्काही नियमाचा मारला. हे गोड करून मी तुम्हाला सांगणार नाही.

ईशा, तुला जागा मिळेल की नाही, मला माहीत नाही. मिळावी. पण माझं तेव्हाच ठरलं होतं. माझ्या कामावर दुसऱ्याचं नाव मी माझ्या सहीने चढवणार नाही. मागणारा गुरू असो की दार उघडून उभी असलेली संस्था. ते ठरवणं मला फार महाग पडलं. आज पुन्हा ठरवायला लावलं, तरी तेच ठरवीन.