टेकडीकडे दाखवलेलं बोट

हे मी आईला सांगितलेलं नाही, धावणं शिकवणाऱ्या सरांना नाही, बायकोलाही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? — कोण जाणे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनही असेल.

मला डावा हात नाही, कोपराखाली. मी चारशे मीटर धावतो. एका हाताने धावणं ही मोठी गमतीची गोष्ट आहे, बरं का. वळणावर अंग भलतीकडेच ओढतं, उजव्या हाताला आवरून धरावं लागतं. शर्यत सुटायच्या आधी वाकताना डावीकडे टेकायला काही नाही, म्हणून मी सागाचा एक ठोकळा पिशवीत घेऊन फिरतो. आणि एक सांगू? — इशारा व्हायच्या आधी माझी नसलेली बोटं घट्ट मिटतात. दर वेळी! का मिटत असतील? डॉक्टरांना विचारलं, सरांना विचारलं. मला चौकशीची खोडच आहे. आई म्हणते, "याले धानाच्या लोंबीत दाणे किती, तेबी विचारा लागते."

मैदानावर मला 'अस्वलवाला' म्हणतात. सतराव्या वर्षी अस्वलाशी झुंजून हात गमावला, तरी पोरगा धावतो — राज्य स्पर्धेत पदक मिळालं तेव्हा माईकवरून हेच सांगितलं गेलं. टाळ्या माझ्या धावण्याला होत्या की अस्वलाला? मला अजून कळलेलं नाही.

अस्वल नव्हतंच.

आमचं गाव सिंदेवाहीजवळ. तळ्याच्या पाळीवर मी रानडुकरासाठी फास लावला होता, मोटरसायकलच्या क्लचच्या तारेचा. घरात कुणाला ठाऊक नव्हतं. पहाटे जाऊन बघतो तर डुक्कर अडकलेलं, निपचित पडलेलं. गुपचूप परत फिरायचं की नाही? पण खरंच मेलंय का, हे हात लावून बघायची हौस! त्याने माझं मनगट फाडून काढलं. कसाबसा रस्त्यापर्यंत आलो आणि पडलो.

आमच्या भागाचे वनरक्षक तिथूनच चालले होते. त्यांनी गळ्यातला दुपट्टा काढून माझा हात बांधला. मला पाणी पाजलं.

"अस्वलानं धरलं का, बाबू?"

डुक्कर म्हणालो असतो तर ते तळ्याकडे गेले असते, त्यांना तार दिसली असती, शिकारीचा गुन्हा लागला असता. मी मान हलवली.

"कुठी?"

मी उजवा हात उचलला आणि तळ्याच्या उलट दिशेला, टेकडीकडे बोट दाखवलं.

त्या टेकडीवर एक अस्वलीण राहायची. मोहफुलं वेचणाऱ्या बायका तिची वेळ टाळून जायच्या, तीही त्यांची वेळ टाळायची. तिने कुणाला साधा ओरखडा काढला नव्हता. मी दवाखान्यात होतो, हात कापला गेला होता, तेव्हा इकडे पिंजरा लावून तिला पकडलं. तिच्यामागे पिल्लू होतं म्हणतात — जगातल्या सगळ्या गोष्टींची चौकशी करणारा मी, त्या पिल्लाचं पुढे काय झालं, हे आजवर कुणाला विचारलेलं नाही.

त्या दिवशी भ्यालो होतो, हे खरं. पण नंतर? घरी आल्यावर? पदक मिळाल्यावर? तेव्हा कसली भीती होती? — नव्हतीच. तेव्हा मला ते अस्वल आवडायला लागलं होतं. दर पौर्णिमेला विहारात सगळ्यांबरोबर पंचशील म्हणतो. खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं की माझे नुसते ओठ हलतात. याची मला लाज वाटते, आणि तरी पुढच्या पौर्णिमेला मी पुन्हा पहिल्या रांगेत बसतो.

गेल्या उन्हाळ्यात तिला बघायला गेलो. अशी जनावरं सांभाळतात, तिथे ठेवलंय तिला. मला बघून ती काय करेल, एवढंच बघायचं होतं. — काय करणार? तिने मला कधी पाहिलंच नव्हतं. जाळीपाशी बसून ती टरबूज खात होती. तोंडावरचे केस पिकलेले. खाताना मिटक्या मारत होती, अगदी आमच्या आजोबांसारखी.

तिला खायला घालणारा माणूस शेजारी येऊन उभा राहिला.

"इनं एका पोराचा हात खाल्ला, भाऊ," तो म्हणाला. मग त्याचं माझ्या रिकाम्या बाहीकडे लक्ष गेलं. "तुमालेबी अस्वलानंच धरलं का?"

ती खायची थांबली होती. मान वर करून आमच्याकडे बघत होती.

मी हो म्हणालो.