शू चावते

पाळणाघराच्या मावशीला लेकरांचं सगळं कळतं, असं साऱ्या गल्लीचं मत होतं, आणि खरं सांगायचं तर मावशीचंही. कुणाचं रडणं भुकेचं, कुणाचं नुसतं नाटक, हे ती स्वयंपाकघरातूनच ओळखायची. स्वतःचं मूल नव्हतं. पण दुसऱ्यांची लेकरं तिनं तळहाताच्या फोडासारखी जपली.

त्यांतली सगळ्यांत लाडकी भिंगरी. चार वर्षांची, एका जागी म्हणून बसायची नाही. तीच एका सकाळी मोरीच्या दारात पाय आवळून उभी राहिली.

"मावशी, शू चावते."

"शू कशी चावेल गं वेडाबाई? मुंग्या असतील मुंग्या!" मावशी पोट धरून हसली. मग तिनं मोरी घासली, कोपऱ्याकोपऱ्यात पावडर टाकली. एवढी कामसू बाई, पण लेकराला पुढं एका शब्दानं विचारलं नाही.

भिंगरी शू दाबून ठेवू लागली, आणि कधीची सुकी राहणारी पोर खेळता खेळता ओली होऊ लागली. घरी नुकताच भाऊ आला होता. "भावाचा हेवा, दुसरं काय!" मावशीनं निदान करून टाकलं. औषधही तिचंच. पाण्याचा पेला वरच्या फळीवर गेला. "कोरडी राहिलीस तर तू शहाणी." चड्डीला उग्र वास यायचा, ती निमूट धुऊन टाकायची. अंग तापलं, ते उन्हावर ढकललं. बाळंतपणातून जेमतेम उठलेल्या आईनं मावशीवर विश्वास ठेवला.

ताप हटेना, उलट्या सुरू झाल्या, तेव्हा दोघींनी तिला उचलून दवाखाना गाठला.

"सर्दी नाही, खोकला नाही, मग ताप कशाचा? लघवी तपासली?" डॉक्टरबाईंनी विचारलं. कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. नर्सनं पोरीला स्वच्छ धुतलं, पहिली धार सोडून मधली बाटलीत धरली. लघवीत जंतू निघाले. सोनोग्राफीत एक मूत्रपिंड सुजलेलं दिसलं.

"शू करताना दुखतं, असं कधी म्हणाली नाही?"

आईनं नाही म्हणून मान हलवली.

"चावते म्हणाली होती," मावशी म्हणाली. आई तिच्याकडे बघतच राहिली.

जंतू औषधानं जातील, पण मूत्रपिंडावर वण राहतो की काय ते पुढं कळेल, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. उलट्या थांबल्यात, आता पाणी भरपूर पाजा. भिंगरी मात्र पेल्याला तोंड लावेना. शेवटी आईनं पेला मावशीच्या हातात दिला. "तुम्हीच बघा. तुमचं ऐकते ती." आवाजात राग नव्हता, आणि तेच मावशीला सोसवेना.

तिनं पेला पुढं केला. भिंगरीनं ओठ घट्ट मिटले, मावशीला खाली वाकायची खूण केली आणि तिच्या कानात कुजबुजली, "मी पाणी नाहीच प्यायले, मावशी. मी शहाणी ना?"