दांड किती वेळा पितो

पिंपळगाव राजाच्या फाट्यावर जीप भरेपर्यंत पाऊण तास बसून राहावं लागलं. मांडीवर पिशवी, पिशवीत भाकरी, ठेचा आणि पट्टा तुटलेलं मनगटी घड्याळ. शेजारच्या बाईनं विचारलं, "दवाखान्यात चालली का माय?"

"नाही. बुलडाण्याले गणित ऐकाले चालली."

खामगाव येईपर्यंत ती बाई पुन्हा बोलली नाही. माझं वय एकाहत्तर, शाळा चौथीपर्यंत. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

का निघाले ते आधी सांगते. आमची विहीर सामाईक आहे. अर्धी माझी, अर्धी माझ्या धाकट्या जावेची, सुमनची. दोघींचे नवरे गेले, शेती आम्ही दोघीच करतो. तिचं शेत विहिरीला लागून, माझं त्याच्या पलीकडे. पाणी एकाच दांडानं (मातीचा पाट) येतं. वीज दिवसाला आठ तास. सासऱ्यांच्या वेळेपासून एक दिवस पाणी तिचं, एक दिवस माझं अशी पाळी होती. ती अकरा वर्षांपूर्वी मी मोडली. मला वाटायचं, सुमन तिच्या दिवशी विहीर उपसून घेते. म्हणून रोजचे आठ तास मधोमध तोडले. चार तिचे, चार माझे. सुमन नको म्हणत होती, म्हणून माझा संशय आणखी वाढला.

त्यानंतर माझ्या वांग्याचे शेवटचे वाफे वाळायला लागले. तास पहिल्याएवढेच, पाणी मात्र कमी. मी चार बायांसमोर सुमनला म्हटलं की माझ्या पाळीत तू दांड फोडतेस. तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

माझ्या लेकीची लेक कावेरी बुलडाण्यात गणितात संशोधन करते. गेल्या उन्हाळ्यात ती महिनाभर आमच्या दांडावर फोन आणि पत्र्याचे डबे घेऊन बसली होती. पाणी कधी सुटतं, कुठपर्यंत कधी पोचतं, सगळं लिहून घेत होती. परवा तिचा फोन आला. "आजी, तुझ्या पाण्याचा हिशोब लागला. सुमनआजीचं त्यात काही नाही." फोनवर सांगितलेलं मी मानत नाही. ती म्हणाली, "मग ये. शुक्रवारी मले बाहेरच्या मॅडमसमोर सगळं मांडाचं आहे." सुमन चोर आहे की नाही, ते ऐकायला मी निघाले.

खामगावच्या स्टँडवर एक आलुबोंडा खाल्ला. तेल जुनं होतं. बुलडाण्याची गाडी बोथ्याच्या जंगलातून जाते. साग पार उघडे झाले होते, मध्येच एखादा पळस लाल. घाट चढताना कंडक्टरनं माझी पिशवी फळीवर ठेवली आणि पहिल्याच वळणावर ती खाली आली. ठेच्याचं तेल एका मास्तरांच्या खांद्यावर गेलं. ते म्हणाले, "असू द्या." पण त्यांचं तोंड तसं म्हणत नव्हतं.

घाटावर आलं की हवा बदलते. खाली अंग भाजत होतं, इथं पदर घ्यावासा वाटला.

विद्यापीठाचा गणिताचा विभाग एका कॉलेजच्या वरच्या मजल्यावर आहे. खालच्या मजल्यावर रसायनवाल्यांकडे बाटल्या होत्या, नळ्या होत्या. वर काहीच नाही. खडूचे फळे, खुर्च्या, कागद आणि चहाची किटली. माणसं फळ्यासमोर नुसती उभी. एक मुलगी खडू हातात धरून इतका वेळ उभी होती की मला वाटलं तिला भोवळ येणार. मग तिनं एक आकडा पुसला आणि पुन्हा तशीच उभी राहिली. हे यांचं काम.

पहिल्याच खोलीत भाषण चाललं होतं. कावेरीचंच असणार म्हणून मी मागं जाऊन बसले. चाळिशीतले एक सर फळ्यावर वेटोळी काढत होते. विहीर आत्ता येईल, मग येईल, म्हणून मी अर्धा तास थांबले. विहीर आली नाही. पोरं उठून गेली तेव्हा सर माझ्याजवळ आले.

"आजी, कोणाकडे आल्या?"

"कावेरीकडे. तुमी हे काय काढून राह्यले होते?"

"गाठी."

मला हसू आलं. त्यांनी टेबलावरची एक सुतळी माझ्या हातात दिली. तिला गाठ मारून दोन्ही टोकं चिकटवलेली होती. "टोकं न तोडता सोडून दाखवा."

मी जन्मभर दावी (जनावरं बांधायचे दोर) सोडली आहेत. बराच वेळ खटपट केली. नाही सुटली.

"नाही सुटत," मी म्हटलं.

"तुमाले सुटली नाही का कोणालेच सुटणार नाही?"

"मले काय माहीत. उद्या कोणी हुशार येईन."

"तेच माझं काम आहे. कोणीही येवो, कितीही वर्षं बसो, सुटणारच नाही, हे पक्कं करून दाखवाचं. ही तर सोपी आहे. याच्याहून अवघड गाठींवर आमी बसलो आहे."

"अन् याचा उपयोग?"

"माझ्या कामाचा आज तरी काही नाही."

"मग सरकार पगार कायचा देते?"

"ते सरकारले अजून कळलं नाही. तुमी सांगू नका," ते म्हणाले. माणूस खरं बोलला म्हणून मी त्यांना अर्धी कळण्याची भाकरी (ज्वारी-उडीद एकत्र दळून केलेली) दिली. त्यांनी ती उभ्या उभ्या, ठेच्याबरोबर खाल्ली. सुतळी मी चाळा म्हणून हातात ठेवली, पण त्यांचं म्हणणं डोक्यात फिरत होतं. मला सुटली नाही आणि कोणालाच सुटणार नाही, यात फरक आहे. माझ्या पाळीत सुमनच्या हातात फावडं मीही कधी पाहिलं नव्हतं. पाहिलं नाही म्हणजे तिनं दांड फोडला नाही, असं मात्र मी कधी धरलं नाही.

कावेरी मला शोधत आली. "आजी, तू गाठीवाल्यात काऊन बसली? चाल, माझी वेळ झाली."

तिचं भाषण इंग्रजीत. पडद्यावर दोन चौकोन आले, एकावर अ, एकावर ब. मध्ये एक रेघ. मी पुढच्या खुर्चीवरून हळूच विचारलं, "आपण कोणत्या?"

"ब."

"सुमन अ काऊन?"

"ती विहिरीजवळ आहे म्हणून. आता गप बस."

पुढं अर्धा तास मला काही कळलं नाही. बाहेरून आलेल्या मॅडम पिकलेल्या केसांच्या होत्या, दर दोन मिनिटांनी तिला अडवत होत्या. शेवटी त्यांनी माझ्याकडे बोट केलं. कावेरीनं सांगितलं, "ही माझी आजी. शेत ब तिचंच आहे."

मॅडम म्हणाल्या, "मग हेच सगळं आजींना मराठीत सांग. त्यांना पटलं तर मी तुझ्या प्रबंधावर सही करीन."

कावेरीचा चेहरा उतरला. माझा स्वभाव तिला माहीत आहे. तिनं सगळी अक्षरं पुसली आणि फळ्यावर एक आडवी रेघ ओढली.

"आजी, दांड सुका असला का आधी कोण पेते?"

"दांड पेते."

"तुझ्या शेतापर्यंत पाणी पोचाले किती वेळ?"

"तास."

"तुझे रोज चार घंटे. दांडाचा एक गेला. उरले?"

"तीन."

"दोन दिवसांचे?"

"सहा."

"आता जुनी पाळी घे. एक दिवस सुमनआजीचा पूरा, एक दिवस तुझा पूरा. तुझ्या दिवशी आठ घंटे. दांड किती वेळा पेईन?"

दांड पितो हे मला कुणी शिकवायला नको होतं. तो किती वेळा पितो, हे मी अकरा वर्षांत मोजलं नव्हतं.

"आजी, किती वेळा?"

"एकदा."

"उरले?"

"सात."

ती म्हणाली, "पाळीचे तुकडे जेवढे बारीक कराल, तेवढं पाणी माती पेईन. आपली विहीर फक्त नमुना आहे. पाच-सात वाटेकरी असले तर तुकडा केवढा ठेवाचा, ते माझं काम आहे."

"मले माझं सांग. सुमननं दांड फोडला नाही ना?"

खोलीतले सगळे माझ्याकडे बघत होते. कावेरी पटकन हो म्हणेल असं वाटलं. ती म्हणाली नाही.

"गणित तसं नाही म्हणत, आजी. तुझं जेवढं पाणी कमी पडलं, तेवढं सगळं दांडात गेलं, असं म्हणते. चोरासाठी काही उरतच नाही."

मॅडमनी मला विचारलं, "पटलं का?"

मी म्हटलं, "पोरगी बरोबर आहे. पटून मले आनंद झाला असं मात्र समजू नका." त्यांनी सही केली.

परतीच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. जंगल तेच, उलट्या बाजूनं. मला आपल्या तासांचीच काळजी होती, म्हणून मी पाळी कापली. कापल्यामुळं पाणी कमी झालं, आणि कमी झालं म्हणून मी तिला चोर ठरवलं. चोरी शोधायला गेले तर कापणारी मीच निघाले. पिशवीत हात घातला तर सुतळी हाताला लागली. ती परत द्यायची राहिली होती.

उन्हं उतरताना गावात पोचले. घरी न जाता सरळ सुमनच्या कुंपणाशी गेले. ती शेळीला पाला टाकत होती. मला पाहून तिचा हात थांबला.

"उद्या पूरे आठ घंटे पाणी तू घे," मी म्हटलं. "परवाचे आठ मी घेईन. पहिल्यासारखं."

"काऊन? आता काय डाव काढला?"

"डाव नाही. दांड दोनदा पेते."

तिनं पाला खाली टाकला. "जाऊबाई, हे मी तुमाले तवाच म्हणलं होतं."

"म्हणली होती. मी ऐकलं नाही. अन् बायांसमोर जे बोलली, ते खोटं होतं. उद्या त्यायच्यासमोरच सांगतो."

"त्यातल्या दोघी मेल्या," सुमन म्हणाली.

"उरल्या त्यायले सांगतो."

दुसऱ्या दिवशी सांगितलं. तिसऱ्या दिवशी माझी पाळी. मोटर सुरू केली, घड्याळ हातात घेऊन दांडाच्या कडेनं पाण्याबरोबर चालत गेले. थोड्या वेळानं मागून सुमन आली. हातात फावडं होतं. मी बघते आहे हे तिनं पाहिलं आणि फावडं जाणूनबुजून माझ्या हातात दिलं.

पाणी माझ्या बांधाला लागलं तेव्हा एक तास नऊ मिनिटं झाली होती. कावेरीनं तास धरला होता.

"नऊ मिनिटं कुठं गेली?" मी विचारलं.

सुमननं काठावर वाकून बोट दाखवलं. घुशीचं बीळ होतं. "माह्याच बांधात आहे," ती म्हणाली. "आता म्हणा चोर."

मी फावड्यानं बीळ बुजवलं, सुमननं पायानं माती दाबली, आणि मी कावेरीला फोन करून सांगितलं की तुझ्या गणितात घूस धरलेली नाही.