बोगनवेल फुलली नाही तो उन्हाळा

कलमंवाली मावशी बोलायला तिखट, पण तिच्या हाताला यश होतं. बोगनवेलीची पेन्सिलीएवढी जाड काडी तिरपी कापायची, ओलसर वाळूत खोचायची, सावलीत ठेवायची. शंभरातल्या ऐंशी तरी फुटायच्या. काड्या ती एकाच वेलीच्या घ्यायची. शाळेचं मैदान तोलून धरणाऱ्या उंच दगडी भिंतीवर ती वेल पसरली होती. भिंतीच्या पायथ्याशी दोन खोल्या : एक मावशीच्या थोरल्या बहिणीची, अक्काची; दुसरी इस्त्रीवाल्याची.

त्या उन्हाळ्यात वेलीला एक फूल आलं नाही. नुसती पानं, हिरवीगार.

"बघ, कशी माजलीय!" अक्का खूश.

मावशी मात्र भिंतीजवळ गेली. बोगनवेल तहानेवर फुलते. पाणी जास्त झालं की पानांवर जाते. आणि इथे तर कुणी तांब्याभरही घालत नव्हतं. तिनं दगडांच्या फटीत सुरी खुपसली. पातं चिखलानं माखून बाहेर आलं.

ती तडक शाळेच्या व्यवस्थापकाकडे गेली. "भिंतीमागं पाणी साचलंय. वरचा पाइप फुटलाय कुठंतरी."

"हे तुम्हाला वेलीनं सांगितलं वाटतं?" तो हसला. "सोमवारी माणूस पाठवतो."

सोमवार आला नि गेला. गुरुवारी अक्काचं दार चौकटीत अडकायला लागलं.

"भिंत सरकतेय. चल माझ्याकडे," मावशी म्हणाली.

"चाळीस वर्षं इथं झोपतेय मी. काही होत नाही."

मावशीनं खुंटीवरची पिशवी काढली. अक्काचा चष्मा आणि गोळ्यांचा डबा तिच्यात टाकला आणि चालू लागली. अक्का शिव्या घालत, चपला फरफटत मागोमाग निघाली. जाता जाता मावशीनं इस्त्रीवाल्यालाही हटकलं.

"एवढे कपडे उरकतो नि निघतोच," तो म्हणाला.

"लवकर कर रे बाबा."

दुपारी भिंत खाली आली. आवाज मावशीच्या घरापर्यंत ऐकू गेला. दोन्ही खोल्या गाडल्या गेल्या. इस्त्रीवाल्याचं प्रेत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सापडलं.

अक्का आता मावशीकडेच असते. मीठ कमी पडलं, पंखा जोरात लावला, कशावरूनही दोघी दिवसभर भांडतात. इस्त्रीवाल्याचा विषय मात्र एकीनंही आजवर काढलेला नाही.